काठीभर सवलत

८ जून, गंगापूर रोड

टाइल कंपनीकडून दिवाळीला आलेली ही डायरी मोहिनीने आज हातात ठेवली. म्हणाली, "परत आल्यावर तेच तेच सांगून लोकांना पिडणार तुम्ही. त्यापेक्षा लिहा." बायको म्हणते म्हणजे लिहायलाच हवं.

परवा मुंबईहून विमान, मग स्कॉटलंडमधून जहाज. जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडणार, मधल्या बंदरांत थांबणार, आम्ही उतरून गोल्फ खेळणार, बायका किल्ले बघणार आणि संध्याकाळी सगळे परत जहाजावर. गोल्फ जिथं जन्मला ती जुनी मैदानं! चार मैदानांवर चार डाव, आणि सगळे मिळून सर्वांत कमी फटके ज्याचे त्याला जहाजाचा कप. टाइल्सचं शोरूम मुलाकडे, साईकडे सोपवलंय. पोरगा हुशार आहे, पण गिऱ्हाइकाला चहा विचारायला विसरतो.

आमच्या क्लबातून दोघंच चाललोय, मी आणि धम्मपाल साळवे. धम्मा पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाला. बायको संजनावहिनी, शाळेत गणित शिकवायच्या. माझा सगळ्यांत जवळचा मित्र. क्लबात त्याला मीच आणलं. त्याचा अर्ज दोनदा कसल्याशा तांत्रिक कारणावरून मागे पडला होता. शेवटी मी सचिव आहेरांकडे शब्द टाकला, तेव्हा काम झालं. हे मी धम्माला कधी बोलून दाखवत नाही. फार तर वर्षातून एकदोनदा.

१२ जून, जहाजावर

जहाज म्हणजे तरंगतं हॉटेलच. बाथरूमच्या टाइल्स नख लावून पाहिल्या, माल चांगला आहे, पण सांधे भरताना घाई केलेली दिसते. मोहिनी म्हणाली, "इथं तरी दुकान बंद ठेवा."

समुद्र उसळलाय. मोहिनीला बोट लागली, मलाही पोटात ढवळत होतं. धम्मा आडवाच झाला. एकट्या संजनावहिनी ठणठणीत. सगळ्यांना आवळासुपारी वाटत फिरत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, मी लहानपणी बैलगाडीतून उलटं बसून जायची. मला काही होत नाही."

१३ जून

पहिला डाव झाला. काय तो देखावा! समुद्र आणि शेतं यांच्या मधली ही वाळूची पडीक जमीन. झाड म्हणून नाही, नुसते गवताचे उंचवटे, काटेरी झुडपांना पिवळी फुलं आणि वारा. शेकडो वर्षं इथं खेळतात म्हणे. आपल्याकडे एवढी जमीन समुद्राला लागून मोकळी असती तर एनए करून केव्हाच प्लॉट पाडले असते.

चौघांची टोळी करून खेळतात. आमच्याबरोबर फर्गस नावाचा म्हातारा आहे, निवृत्त गुरांचा डॉक्टर, इथलाच. आणि जोन म्हणून कॅनडाची बाई. दोघंही सरळ मारतात, म्हणून कायम मैदानाच्या मधोमध. आम्ही दोघं नाशिककर कायम कडेच्या झुडपांत. त्यात मधूनमधून धुकं असं की दहा पावलांवरचा माणूस दिसेना.

एकदा माझा चेंडू सशाच्या बिळाच्या तोंडाशी अडकला. मी काठीभर बाजूला घेतला आणि असा हाणला की फर्गसने पलीकडून टाळ्या वाजवल्या. आमच्या नाशिकच्या मैदानावर सगळा मुरूम आणि दगड. चेंडू दगडात पडला तर गोल्फच्या काठीइतका बाजूला सरकवून मारायची सगळ्यांना मुभा, बारा महिने. आम्ही त्याला 'काठीभर' म्हणतो. हात आपोआप जातो. धम्मानेही झुडपात एकदोनदा घेतला. टीव्हीवरचे लोक घेत नाहीत, पण त्यांचा चेंडू पडतोच मुळी गालिच्यावर.

संध्याकाळी फलक लागला. धम्मा पहिला! मी पाचवा. परदेशात नाशिकचं नाव निघालं.

१५ जून

दुसरा डाव. पाऊस आडवा येतो इथं, छत्रीचा काही उपयोग नाही. धम्मा अजून पहिलाच. मी तिसरा.

रात्री जेवताना मजा झाली. पानात उकडलेला मासा, त्यावर आम्ही नेलेली शेंगदाण्याची चटणी. मी रंगात आलो होतो. गोल्फमध्ये ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे फटक्यांची सवलत मिळते, हँडिकॅप म्हणतात. कच्च्या माणसाचे तेवढे फटके वजा होतात. धम्माला अठरा आहे. मी म्हटलं, "साळवेसाहेब, तुम्ही पहिले येणारच हो. सवलतीची जुनी सवय तुम्हाला!"

सगळेच हसले. म्हणजे मी हसलो. धम्मा पाणी प्यायला आणि म्हणाला, "मला अठरा आहे नाना. तुला चोवीस."

हजरजबाबी आहे लेकाचा. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात संजनावहिनी मासा तसाच टाकून उठल्या आणि खोलीत गेल्या. त्यांना बोट लागली असावी.

१६ जून

आज डाव नाही. नाश्त्याला संजनावहिनी उशिरा आल्या. मी आपुलकीने विचारलं, "काय वहिनी, काल बोट लागली वाटतं?"

त्या खुर्ची ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "हो भाऊजी. बोटच लागली."

समुद्र तर काल रात्री तळ्यासारखा शांत होता. असो, बाधतं एखाद्याला. मोहिनी मात्र सकाळपासून माझ्याशी धड बोलत नाही. विचारलं तर म्हणते, "तुम्हाला खरंच कळत नाही?" मी म्हटलं, काय? म्हणाली, "काही नाही." बत्तीस वर्षं संसार करून बायकोचं 'काही नाही' मला कळलेलं नाही.

१८ जून

तिसरं मैदान कड्यावर आहे. खाली समुद्र धडका देतोय, वर आपण चेंडू मारतोय. चुकला की गेला तो थेट सील माशांच्या अंगावर. सातव्या होलला माझा चेंडू कड्याच्या अगदी काठाशी, खडकाच्या फटीत. तिथून मारायचं म्हणजे जिवाशी खेळ. काठीभर आत घेतला. मागे वळून पाहिलं तर धम्मा जरा लांब उभा राहून बघत होता. मी हात केला. त्यानेही केला.

फलक : धम्मा पहिला, मी दुसरा! मोहिनीला सांगितलं, कप कुणाचाही असो, नाशिकबाहेर जात नाही.

२० जून

जे झालं ते जसंच्या तसं लिहून काढतो, म्हणजे मला तरी कळेल काय झालं ते.

शेवटचा डाव दुपारी संपला. धम्मा जिंकला. मी दुसरा. जोनने त्याच्या गालाची पापी घेतली, तो लाजून लाल झाला, मी फोटो काढले. बक्षीस समारंभ संध्याकाळी तिथल्याच क्लबात होता. दगडी भिंती, काळपट लाकूड, शेकोटी. आम्ही सगळे गरम सूप घेऊन बसलो. फर्गस एक गोष्ट सांगायला लागला. पूर्वी इथल्या एका खेळाडूचा चेंडू वाऱ्याने किंचित हलला. कुणी पाहिलं नव्हतं. तरी त्याने स्वतःहून सांगितलं आणि हातातला सामना सोडला. फर्गस म्हणाला, इथं एकच कायदा, चेंडू पडला तिथून मारायचा. हातही लावायचा नाही.

धम्माने चमचा खाली ठेवला. इंग्रजीत विचारलं, "म्हणजे काठीभर सरकवायची मुभा इथं नाही?"

फर्गसला ती गंमत वाटली. पोट धरून हसला. म्हणाला, तसं असतं तर माझी आजीसुद्धा कप घेऊन गेली असती.

माझ्या कानांत एकदम दडे बसले. धम्मा उठला. मला वाटलं हात धुवायला चाललाय. तो थेट स्पर्धा चालवणाऱ्या बाईंकडे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी चेंडू सरकवून खेळलो. आमच्याकडे चालतं. इथं चालत नाही, हे मला आत्ता कळलं."

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, नकळत झालंय, दर चुकीला दोन फटके दंड लावू, किती वेळा सरकवला तेवढं सांगा. धम्मा म्हणाला, "नक्की आठवत नाही. अंदाजाने आकडा सांगणार नाही. माझं नाव काढा."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. परत आला, खुर्चीवर बसला आणि सूप संपवलं. संजनावहिनींनी त्याच्या हातावर हात ठेवला होता.

मी उठलो नाही. मी उठणार होतो. विचार करत होतो की आधी धम्माचं शांत होऊ दे, मग बोलू. तेवढ्यात बाईंनी दुसऱ्या नंबरचं नाव पुकारलं आणि सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी मला उभं केलं. कप हातात आला. चांदीचा आहे, जड आहे.

मोहिनी टाळ्या वाजवत नव्हती.

२१ जून

शांत डोक्याने विचार केला. माझी गोष्ट निराळी आहे. सशाचं बीळ म्हणजे खड्डा, खड्ड्यातून कोण मारेल? आणि कड्यावर तर जिवाचा प्रश्न होता. शिवाय मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता समारंभ झालेला असताना उकरून काढणं म्हणजे त्या बाईंना त्रास.

आहेरांना फोन केला. कपाची बातमी ऐकून नाचायचेच बाकी होते. धम्माचंही सांगितलं, कुणीतरी सांगायलाच हवं होतं. ते म्हणाले, "नाव घालवलं हो साळवेंनी नाशिकचं. तरी मला वाटलंच होतं. बरं झालं, तुम्ही होतात."

मी म्हटलं, त्याने स्वतःहून सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, पण केलंच ना आधी?"

फोन ठेवल्यावर कसंसंच झालं. मला ते कुठंतरी लागलं. कुठं, ते सांगता येत नाही.

२६ जून, नाशिक

घरी आलो. चौकात माझा फ्लेक्स! साईचा उद्योग. मी कप घेऊन हसतोय, मागे कसला तरी भलताच समुद्र, बहुधा गोव्याचा. 'नाशिकचा झेंडा सातासमुद्रापार.' पेपरात बातमी आहे. शेवटची ओळ : नाशिकचाच दुसरा स्पर्धक नियमभंगामुळे बाद. नाव छापलं नाही, पण गेले होते दोघंच.

मोहिनीने कप धुऊन माळ्यावर ठेवला. मी म्हटलं, शोकेसमध्ये ठेव. म्हणाली, "मी कड्यावर होते त्या दिवशी. आम्ही दोघी वरच्या वाटेने येत होतो. मी पाहिलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? चेंडू तुमचा होता."

म्हणजे संजनावहिनींनीही पाहिलं. मला जेवण गेलं नाही.

२९ जून

न राहवून धम्माकडे गेलो. तो गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होता. मी इकडचं तिकडचं बोललो आणि शेवटी विचारलं, "धम्मा, तू माझा चेंडू पाहिला होतास."

"हो."

"मग माझं का सांगितलं नाहीस?"

त्याने झारी खाली ठेवली. "माझं मी सांगितलं. तुझं तू सांगशील असं वाटलं."

"रागावलायस?"

"नाही रे." झारी पुन्हा उचलत म्हणाला, "अजूनही वाटतं."

संजनावहिनींनी चहा आणला. साखर बरोबर होती, सगळं नेहमीसारखंच होतं. मला ओरडून भांडलेलं चाललं असतं.

निघताना मी म्हटलं, "ते जहाजावर सवलतीचं बोललो मी. गंमत होती." धम्मा म्हणाला, "माहिती आहे. नोकरीत बढती मिळाली तेव्हाही सगळे गंमतच करत होते. पस्तीस वर्षं गमतीत गेली बघ."

तो हसून म्हणाला, म्हणून मीही हसलो. घरी येईपर्यंत ते हसू तोंडावर तसंच होतं. आरशात पाहिलं तेव्हा काढलं.

४ जुलै

उद्या क्लबातर्फे सत्कार. ठरवलंय, बोलायचं. कप परत करायचा. लोक थू थू करतील, फ्लेक्स उतरवावा लागेल, शोरूमवर परिणाम होईल. आहेर तर तोंडही बघणार नाहीत. सदस्यत्व गेलं तरी चालेल, पण धम्मासमोर असा चेहरा घेऊन रोज उभं राहणं होत नाही. मोहिनीला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी तिने स्वतःहून माझ्या ताटात दुसरी पोळी वाढली.

५ जुलै

बोललो. आणि जे झालं त्याची मी स्वप्नातही कल्पना केली नव्हती.

हॉल भरलेला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. धम्मा आणि संजनावहिनी तिसऱ्या रांगेत. आहेरांनी माझ्यावर स्तुतीची टोपलीच रिकामी केली आणि माइक हातात दिला. मी म्हटलं, "हा कप माझा नाही. मीही चेंडू सरकवला होता. एकदा नाही, जास्त वेळा. साळवे उभे राहिले तेव्हा मी बसून राहिलो. मी उद्या कप परत पाठवतोय."

मी डोळे मिटले. आता सुरू होईल, असं वाटलं.

हशा पिकला! मागून कुणीतरी ओरडलं, "अहो नाना, काठीभर तर आमचा आजोबाही घ्यायचा!" पुन्हा हशा. मग टाळ्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आहेरांनी माइक घेतला. "बघा मंडळी! याला म्हणतात मनाचा मोठेपणा. कुणी विचारलं नाही, कुणी पकडलं नाही, माणूस स्वतःहून सांगतोय!" आणि माझ्या गळ्यात आणखी एक हार घातला.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "आहेरसाहेब, साळवेंनीही स्वतःहूनच सांगितलं होतं. माझ्याआधी. तेव्हा तुम्ही म्हणालात, नाव घालवलं."

आहेर हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "त्यांचं वेगळं हो, नाना."

"वेगळं काय?"

"आता काय तुम्हाला सगळं फोडून सांगायचं?"

मी तिथंच उभा राहिलो. तोच चेंडू, तीच काठी, तीच कबुली. त्याची आधी, माझी पंधरा दिवस उशिरा, तीही हातात श्रीफळ घेऊन. त्याचे दोन अर्ज आठवले. ते तांत्रिक कारण काय होतं, हे मी आहेरांना कधी विचारलं नव्हतं. मला माहीत होतं का? माझा मलाच भरवसा वाटेना.

तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते. धम्मा शांत बसून माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, राग नव्हता. भरल्या हॉलमध्ये धक्का फक्त मला बसला होता. त्याला हे सगळं तोंडपाठ होतं.

समारंभ कसा उरकला ते आठवत नाही. दाराशी दोघं थांबले होते. धम्माने माझ्या हातातला नारळ घेतला, नाहीतर पडलाच असता. संजनावहिनींनी पुष्पगुच्छ घेतला. मग अगदी मायेने म्हणाल्या, "काय भाऊजी, बोट लागली का?"

मी म्हटलं, "हो वहिनी. आत्ता लागली."